तुटक रेघ

जानेवारी संपता संपता आमच्या घरातलं डायनिंग टेबल जेवणाच्या सेवेतून मुक्त होतं. त्यावर सत्तावीस फील्ड रिपोर्ट येऊन बसतात आणि आम्ही दोघं ताटं घेऊन टीव्हीसमोर. भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर डिसेंबरात बदामी-बागलकोटकडे नेतो. कागदोपत्री त्याला क्षेत्रकार्य म्हणतात, मुलं टूर म्हणतात. परत आल्यावर मुलांनी रिपोर्ट लिहायचा आणि मी तो तपासायचा, हा या व्यवहाराचा उत्तरार्ध. "दगड तेच, रस्ता तोच," बायको गठ्ठ्याकडे पाहून म्हणते, "मग दरवर्षी नवीन काय लिहितात?"

खरं सांगायचं तर फारसं काही नाही. सत्तावीसपैकी बावीस रिपोर्ट एकाच वाक्याने सुरू होतात. भूशास्त्रात क्षेत्रकार्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. (असतं ते इंग्रजीत, पण भाव हाच.) त्याच्या आधी आभारांचं पान. त्यात प्राचार्य असतात, जे आले नव्हते. विभागप्रमुख असतात, जे येणार होते. आईवडील असतात, ज्यांनी पैसे भरले. रात्रभर जागून बस हाकणारा ड्रायव्हर मात्र नसतो.

ही वाक्यं येतात कुठून, याचा मी एकदा छडा लावला. थरांचं वय ठरवायला आम्ही सूचक जीवाश्म वापरतो. थोडाच काळ जगलेला, पण दूरवर पसरलेला एखादा जीव ज्या ज्या थरांत सापडेल, ते थर एका काळचे. मलाही असा एक जीव सापडला. नाइस नावाचा एक पट्टेदार खडक आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीलाच 'जी' येतो आणि तोंडातून ब्र काढत नाही. एका वर्षी एकाने त्या मुक्या 'जी'ला रजा देऊन सरळ 'छान' या अर्थाचं नाइस लिहिलं. या भागात छान खडक आढळतात! पुढच्या वर्षी हे छान खडक तीन रिपोर्टांत निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी सातांत. मग ते अचानक नामशेष झाले. बहुधा मूळ प्रत ज्याच्याकडे होती तो पास होऊन गेला. त्या काळातला कुठलाही रिपोर्ट हाती द्या, तो कुणाचा कुणावरून उतरला हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पुण्याची मुलं इतक्या लांब का न्यायची? कारण आपल्याकडचा खडक फार गुणी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थरावर थर पसरला आणि दख्खनच्या जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर अजून बराचसा आडवाच पडून आहे. त्याचा कल मोजायला क्लायनोमीटर लावावा तर काटा शून्यावर डुलक्या घेतो. खडक कललेला, दुमडलेला, मोडलेला असेल तर विद्यार्थी काही शिकणार. बागलकोटच्या बाजूचे कलादगीचे थर तसे आहेत. शंभर कोटी वर्षांहून जुने, तिरपे झालेले, घड्या पडलेले. आणि त्यांच्या झिजलेल्या डोक्यांवर बदामीचा वालुकाश्म निवांत आडवा. म्हणजे खालचे थर साचले, दुमडले, झिजून गेले आणि त्यानंतर वरचे साचले. मधल्या काळाचा तिथे एकही दगड नाही. या सांध्याला अनकन्फॉर्मिटी म्हणतात. मुलं त्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतात. बोटाखाली कोट्यवधी वर्षं. याच वालुकाश्मात चालुक्यांनी लेणी खोदली. तिसऱ्या लेण्यात शके ५००चा, म्हणजे इसवी सन ५७८चा लेख आहे. तिथे मुलं विष्णूकडे बघतात आणि मी विष्णूच्या मागच्या दगडातल्या वाळूच्या रेषांकडे. एकंदरीत सगळ्यांनाच दर्शन घडतं.

थराचा कल सांगायला दोन शब्द लागतात, स्ट्राइक आणि डिप. आमचे सर कौलारू घराचं उदाहरण द्यायचे. आढं ज्या दिशेने धावतं ती स्ट्राइक. पागोळ्या ज्या बाजूला गळतात ती डिपची दिशा, आणि छपराचा उतार म्हणजे डिपचा कोन. आम्हाला ते एका मिनिटात कळलं. आताची मुलं फ्लॅटमध्ये वाढलेली. त्यांना आढं समजावून सांगावं लागतं, आणि त्यासाठी मी स्ट्राइकचं उदाहरण देतो.

रिपोर्टाचा जन्म टेबलावर होत नाही, फील्डच्या वहीत होतो. वहीत पेन्सिलीने लिहायचं, कारण शाई पावसात आणि घामात फुटते. खोडरबर बंद, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं तेही वाचता येतं. स्टेशन क्रमांक, वेळ, जागा, खडक, मापं आणि त्या वेळी जे जे दिसलं ते सगळं. एका मुलीच्या वहीत एका टेकडीवरचे सगळे थर शेजारच्या टेकडीशी फटकून निघाले. मी तासभर डोकं खाजवलं. मग कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलं, 'हातोडी डावीकडे टेकवून ठेवली.' कंपासची सुई बिचारी उत्तर सोडून हातोडीकडे बघत बसली होती. तिची मापं बाद झाली. मार्क मात्र तिला मी पूर्ण दिले, कारण ते बिनकामाचं वाटणारं वाक्य लिहिण्याची बुद्धी उरलेल्या सव्वीस जणांना झाली नव्हती.

मग पुढे रिपोर्ट. मी मुलांना दरवर्षी सांगतो की छापण्याचा क्रम वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. आधी नकाशा पुरा करा. त्यावरून जमिनीचा उभा छेद काढा. मग थरांचा तक्ता, मग एकेका खडकाचं वर्णन, रचना, उपयोगी खनिजं, सगळ्यातून निघणारा इतिहास. निष्कर्षात नवीन पाहुणा आणू नका. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. मुलं नेमकी प्रस्तावनेपासून सुरुवात करतात. हवामान, पिकं, लोकजीवन, जवळचं रेल्वे स्टेशन अशी सोळा पानं होतात आणि खडकांपाशी येईतो सबमिशनची तारीख येते. खडकांना दीड पान मिळतं, त्यातलं अर्धं फोटोला.

'पूर्वीचं संशोधन' हे प्रकरण तर न वाचता लिहिण्याचीच प्रथा आहे. या मुलखावर रॉबर्ट ब्रूस फूट यांनी काम केलं. १८६३मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला ज्यांना अश्मयुगातलं दगडी हत्यार सापडलं, तेच हे. दक्षिण मराठा मुलखाच्या भूशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १८७६चा. रिपोर्टात असा संदर्भ नाव आणि साल एवढाच देतात. एका मुलाने आधीच्या कुणाच्या रिपोर्टात 'फूट, १८७६' पाहिलं, नावातला शेवटचा 'ई' टायपिंगची चूक समजून उडवला आणि लिहिलं, 'हा भाग १८७६ फूट उंच आहे.' बदामीची उंची साधारण तेवढीच भरते, हे त्याचं नशीब.

फोटोत प्रमाण हवं, नाहीतर समोरचा कडा आहे की ढेकूळ हे कळत नाही. त्यासाठी हातोडी ठेवतात, नाणं ठेवतात, पेन ठेवतात. माझ्या संग्रहात चप्पल आहे, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा आहे, आणि एका फोटोखाली लिहिलंय, 'प्रमाण: माझा मित्र, उंची ५ फूट ७ इंच.' मित्र दगडाला रेलून आडवा पडला आहे. तो उंचीत धरायचा की लांबीत, हे लिहिलेलं नाही.

थरांचा तक्ता हे आणखी एक दुखणं. त्यात सगळ्यात जुना खडक तळाशी आणि सगळ्यात नवा वर लिहितात, कारण ते साचलेच त्या क्रमाने. आपल्याला सवय वंशावळीची. मूळ पुरुष वर आणि नातू-पणतू खाली. त्यामुळे दरवर्षी एकदोघं तरी अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या नाइसला मानाने शिरोभागी बसवतात आणि काल-परवाच्या नदीच्या गाळाला पायाशी. संस्कार चांगलेच आहेत. खडकांना ते लागू होत नाहीत, एवढंच.

पण हे सगळं सुधारता येतं. न सुधारणारी गोष्ट वेगळीच असते, आणि ती मला माझ्या आत्यामुळे कळली. आत्या लग्नाहून परतली की घराला जो अहवाल मिळायचा, त्यापुढे माझे सत्तावीस रिपोर्ट फिके. आधी स्थान आणि दळणवळण, म्हणजे कार्यालय कुठे, फाट्यावरून किती चालायचं, सावली होती का. मग पूर्वीचं संशोधन, म्हणजे त्या घरी आधी कोण जाऊन आलं आणि काय म्हणालं. मग पानाचं वर्णन, डाव्या बाजूच्या मिठापासून उजवीकडच्या भाजीपर्यंत, काही न गाळता. शेवटी आर्थिक महत्त्व. मुलीच्या अंगावर किती तोळे. एकच खोट होती. "मुलीचे वडील उतरलेले दिसले. कर्ज झालंय." पहिलं वाक्य पाहिलेलं, दुसरं लावलेलं, आणि दोघांच्या मध्ये फक्त एक पूर्णविराम. त्या गृहस्थांची दाढ दुखत होती, हे महिनाभराने कळलं. तोवर कर्ज सगळ्या नातेवाइकांत पसरलं होतं. आमच्या रिपोर्टांत त्या पूर्णविरामाच्या जागी प्रकरण बदलतात.

नकाशात तर यासाठी रेघांची लिपीच आहे. दोन खडक जिथे भेटतात तो कॉन्टॅक्ट. तो डोळ्यांनी पाहिला असेल तर अखंड रेघ. अंदाजाने काढला असेल तर तुटक. माती-गाळाखाली दडलेला असेल तर ठिपके. तरीही शंका उरली तर मध्ये प्रश्नचिन्ह. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी मात्र लाजलो होतो. विद्यार्थी असताना रामदुर्गच्या बाजूला एका क्वार्टझाइटच्या टेकडीवर उभा होतो. समोर लांबवर नाइसचे उघडे धोंडे, आणि मधल्या काळ्या रानात पुरुषभर ज्वारी, हुरड्याला आलेली. रात्री लॉजवर चाळीस वॉटच्या दिव्याखाली मी ट्रेसिंग पेपर पसरला आणि ज्वारीच्या मधोमध सरळसोट काळी रेघ ओढली, शाईने. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"इथे उभा होतास?"

"नाही सर."

"का?"

"ज्वारी होती, सर."

"मग नकाशात ज्वारी कुठाय?"

त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड काढलं आणि माझी रेघ दर चार मिलिमीटरवर अलगद खरवडून तोडली. शाई निघाली, ओरखडे राहिले. रागावले मात्र नाहीत. "हां, आता खरी झाली," म्हणाले आणि झोपायला गेले.

त्यानंतर तीसेक वर्षांनी मी मुलांना घेऊन त्याच रानात शिरलो, तेव्हा ज्वारीच्या कडेला नवी विहीर चालू होती. चाळीस फूट खोल, कोरडी. मी काठावर पालथा पडून आत पाहिलं. मातीखाली दोन हातांवर गोल गोट्यांचा घट्ट थर, कलादगीचा पायथा. त्याच्या खाली पट्टेदार नाइस. मध्ये सांधा, सुरीने कापल्यासारखा स्वच्छ. मुलांनी पावलं मोजली. माझ्या जुन्या रेघेपासून सहाशे, उत्तरेला. नकाशावर नऊ मिलिमीटर!

विहिरीचा मालक कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "पाणाड्यानं तीस फुटांवर सांगितलेलं. तुम्ही शिकलेली मान्सं. लागंल का ओ पानी?"

मी नाइसमधल्या भेगा पाहिल्या, उतार पाहिला, सांध्याकडे पुन्हा पाहिलं. "लागावं," म्हटलं. "अजून पंधरा-वीस फूट गेलात तर कदाचित. पण खात्री नाही."

"म्हंजे तुमालाबी ठाव न्हाई," तो समाधानाने म्हणाला आणि आम्हाला हुरडा खायला बोलावलं.

घरी आल्यावर मी तो जुना ट्रेसिंग पेपर शोधून काढला. रेघ नऊ मिलिमीटर सरकवून पुन्हा काढली, तुटकच. फक्त विहिरीपाशी ती अखंड करायची होती. विहिरीचा व्यास वीस फूट. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तो मिलिमीटरचा आठवा हिस्सा होतो. माझ्याकडची सगळ्यात बारीक पेन्सिलही त्याहून जाड निघाली. तीस वर्षांत आपल्याला खात्रीने कळलेला भाग तिच्या टोकाखाली दिसेनासा झाला. तरी मी तेवढं टोक टेकवलं.

ही गोष्ट बायकोने अनेकदा ऐकली आहे. काल रात्री ताट मांडीवर घेऊन तिने विचारलं, "टेबल कधी मोकळं होणार?"

"रविवारी," मी म्हटलं.

"अखंड रविवारी की तुटक?"

अजून अकरा रिपोर्ट राहिलेत. मी पेन्सिलीने कॅलेंडरवर रविवारभोवती एक गोल काढला, ठिपक्या-ठिपक्यांचा.