भाऊकाकांचं पेव

सांगलीच्या गावभागातले आमचे भाऊकाका शेअर घेतात. विकत मात्र नाहीत. साताऱ्याचे त्यांचे साडू आबा विकतात, पुन्हा घेतात, पुन्हा विकतात. आबांच्या या उलाढालीवर ब्रोकरची दोन पोरं इंजिनिअर झाली, असं काका म्हणतात.

दोघांनी इन्फोसिस घेतला तो 2000 सालच्या सुरुवातीला, म्हणजे पानपट्टीवरसुद्धा सॉफ्टवेअरच्या गप्पा चालायच्या तेव्हा. भाव अगदी शेंड्यावर होता. पुढे फुगा फुटला. आबा घाबरून बाहेर पडले. काका होते तिथेच राहिले.

10 एप्रिल 2003. कंपनीनं पुढच्या वर्षाचा अंदाज बेताचा दिला आणि एका दिवसात शेअर चतुर्थांशाहून जास्त कोसळला. साताऱ्याहून फोन आला.

"भाऊ, टीव्ही लावलाय का? विका, विका आधी!"

काका सुपारी कातरत होते. "बाजार कितीला बंद होतो हो, आबा?"

"साडेतीनला."

"मग चारला फोन करा."

पुढच्याच वर्षी एका शेअरला तीन बोनस मिळाले आणि काका गल्लीत ऋषी झाले. पोरं धीराचं रहस्य विचारायला यायला लागली. काका हरिपूरचं उदाहरण देत. तिथं जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. "पेव सारखं उघडून बघायचं नसतं. हवा लागते." यावर आबांचं उत्तर ठरलेलं : "2005 च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं, भाऊ!" ऋषींना असली माहिती ऐकू येत नाही.

पावसाळ्यात आबांचा फोन सकाळी सहालाच येतो. कोयनेतून विसर्ग वाढवलाय आणि रात्री नॅसडॅक पडलाय. पहिल्या बातमीवर काका गव्हाची पोती माळ्यावर चढवायला घेतात. दुसरीवर कूस बदलतात. मग आबा आपलं पालुपद लावतात. 1993 ला हाच शेअर 95 रुपयांना होता. तेव्हा शंभर घेऊन गप्प बसलेल्याचे बोनस आणि विभाजन धरून 2018 पर्यंत 1,02,400 झाले. हा आकडा ते शेवटच्या दोन शून्यांसकट आवंढा गिळून सांगतात. गप्प बसणं त्यांना लग्नाच्या पंगतीतही जमलेलं नाही.

खरी गोष्ट काकूंनी एकदा शेंगा सोलता सोलता सांगितली. 2001 मध्ये काकाही विकायला निघाले होते. डिमॅटची स्लिप भरली, तर सही जुळत नाही म्हणून ती परत आली. दुसरी भरली, तीही परत. सेवापुस्तकावर तीस वर्षं चाललेली सही! "माणूस मी, सही माझी, आणि जुळत नाही म्हणतो कालचा पोरगा?" स्लिपबुक कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली काकांच्या जानव्याला. दीर्घकालीन गुंतवणुकीची सुरुवात ही अशी. बाजारातले बरेचसे धीरोदात्त लोक असेच कुठल्यातरी खिडकीवर रुसलेले असावेत, असा माझा संशय आहे.

हल्ली एआयच्या धास्तीनं आयटीचे शेअर गडगडले की आबा नव्या जोमानं फोन करतात. "भाऊ, आता तरी ऐका. माणसाचं सगळं काम यंत्रच करणार आहे."

"करू दे की," काका म्हणाले. "त्याला माझी सही जमते का, तेवढं विचारून घ्या."