माशी की अनुस्वार

“मास्तर, निजलात काय? एकशे बारावे पान उघडा. सातवी ओळ. ‘शेतांत’मधल्या ‘ता’वर जो ठिपका आहे, तो अनुस्वार की माशी?”

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, मुरबाडच्या बाजारपेठेतील कुत्रीसुद्धा भुंकून दमलेली असतात, आणि शहापुराहून नाना हा प्रश्न अशा निकडीने विचारीत असतात की जणू त्या ठिपक्याचा निकाल लागल्याखेरीज आसनगावाहून उद्याची पहिली गाडी सुटावयाची नाही. माशी म्हणजे प्रत्यक्ष माशी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कोणा वाचनालयाच्या फडताळातील पुस्तकावर बसून एखाद्या माशीने जो शेरा मारून ठेवला, तो. पुस्तकाची छायाचित्रे घेताना यंत्राने तो शेराही इमानाने टिपला, आणि जुन्या छपाईतला अनुस्वार व माशीचा शेरा हे आकाराने, रंगाने आणि कित्येकदा स्थानानेही इतके सारखे असतात की प्रत्यक्ष ग्रंथकर्ता उठून आला तरी त्याला शपथेवर सांगता येणार नाही.

नाना कोण, हे मी सांगत बसत नाही. लग्नपत्रिका हाती पडताच वधूवरांच्या नावांआधी ऱ्हस्वदीर्घ वाचणारा, श्रद्धांजलीच्या फलकावरील ‘भावपुर्ण’ पाहून मयतापेक्षा त्या ऱ्हस्व उकाराबद्दल अधिक हळहळणारा गृहस्थ प्रत्येक गावी असतो, आणि त्याला चुकविण्यासाठी आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा रस्ता ओलांडलेला असतो. आमच्या नानांचे वैशिष्ट्य एवढेच की सेवानिवृत्तीनंतर या व्याधीला त्यांनी रीतसर कचेरी मिळवून दिली.

ही कचेरी म्हणजे मराठी विकिस्रोत. ज्या पुस्तकांच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे ती तेथे पानापानाने ठेवलेली असतात. एका अंगाला मूळ पानाचे छायाचित्र, दुसऱ्या अंगाला यंत्राने वाचून काढलेला मजकूर, आणि या दोहोंचा मेळ घालणे हे ज्याला सवड असेल त्याचे काम. हात न लागलेले पान तांबडे असते, एकाने तपासले की पिवळे होते, आणि ते दुसऱ्याने पुन्हा तपासले म्हणजे हिरवे. ज्याने पिवळे केले त्याला तेच पान हिरवे करता येत नाही. नानांच्या पुतण्याने त्यांना हे समजावून सांगावयास अर्धा तास राखून ठेवला होता. नानांना पाच मिनिटे पुरली. चौतीस वर्षे अभिलेखाच्या खोलीत दप्तरांच्या धुळीत काढलेल्या त्या माणसाने एवढेच विचारले, “म्हणजे एक नक्कल करणार आणि एक रुजवात घेणार, असेच ना? मग यात नवीन ते काय?”

त्याच रात्री त्यांनी एक पुस्तक हाती घेतले आणि त्यातील सगळी कोरी पाने निकालात काढली. कोऱ्या पानांना करडा रंग असतो, आणि चूक होण्याचा संभव नसलेले एवढे सरकारी काम आपल्याला आयुष्यात प्रथमच मिळाले, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मग रुजवात घेणारा म्हणून माझी नेमणूक झाली. मला विचारण्यात आले नाही. एका रविवारी नाना किन्हवलीमार्गे एसटीने मुरबाडास आले, त्यांनी माझ्याकडून खाते उघडवून घेतले, चहा घेतला, कपाच्या बशीवरील अक्षरे वाचली आणि परत गेले.

मजकूर वाचणाऱ्या यंत्राला नाना ‘उमेदवार’ म्हणतात. पूर्वी कचेऱ्यांतून बिनपगारी उमेदवार असत, त्यांच्यासारखेच हे यंत्र हाताचे चपळ, बोलण्यात निर्धास्त आणि अर्थाशी काडीचा संबंध नसलेले आहे, हे त्यांचे मत मला मान्य करावे लागते. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ हा त्याचा नित्याचा व्यवहार. ‘खत’ दिसले की ते ‘रवत’ लिहिते. आम्ही हाती घेतलेले पुस्तक भातशेतीवरचे आहे, आणि आमच्याकडे पेरणीपूर्वी जमिनीवर पालापाचोळा व गोवऱ्या पसरून राब भाजतात हे वाचकांस ठाऊक असेलच. उमेदवाराने पानामागून पान ‘राव भाजावा’ असे लिहून ठेवले होते. ‘राव चांगला भाजला असता रोपे जोमदार येतात’ हे वाक्य नानांनी मला तीन वेळा वाचून दाखविले आणि तिन्ही वेळा एका विशिष्ट सेवानिवृत्त वरिष्ठाची आठवण काढली.

मात्र चूक यंत्राची असेल तरच ती सुधारावयाची. मूळ मुद्रकाची असेल तर तिला हात लावावयाचा नाही, हा तेथला दंडक. मक्षिकास्थाने मक्षिका! एके ठिकाणी छापलेले ‘पाणि’ हे माझ्या शिक्षकी डोळ्यांना न साहून मी ‘पाणी’ केले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ‘पाणि’ झालेले होते आणि फोनवर नाना होते. “मास्तर, तुम्ही फेरफार केलात. कोणाच्या हुकमाने?” जुने अनुस्वार तर त्यांना पोटच्या पोरांसारखे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, हे मी एकदा त्यांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा “त्या नियमाला भूतलक्षी प्रभाव नाही” असे सांगून त्यांनी प्रकरण दाखल न करताच निकाली काढले. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र आहे आणि खुद्द शुद्धिपत्रात दोन चुका आहेत. त्या नानांनी इतक्या हळुवारपणे जतन केल्या आहेत की त्यांचा हेवा वाटावा.

घरच्यांच्या हालांची कल्पना करावी. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा व वैतरणा यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, या न्यायाबद्दल कोणत्याही शुद्धिपत्रात उल्लेख नाही. गेल्या मे महिन्यात नाना आपल्या मूळ गावी असता टँकर आला. वहिनींनी हंडे देऊन त्यांना रांगेत उभे केले. टँकरवर ‘पीण्याचे पाणि’ असे रंगविलेले होते. नाना चालकाशी हुज्जत घालीत टँकरच्या पुढच्या अंगाला गेले, ‘णि’वर एक ठिपकाही होता त्याची त्यांनी नखाने परीक्षा केली, आणि ते परतले तेव्हा रांग संपली होती व हंडे कोरडे होते. “माशी होती,” एवढेच ते म्हणाले. वहिनी त्यावर जे बोलल्या ते कोणीही पिवळे करू नये.

नानांचा सण १ जानेवारी. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे गेली की त्याच्या हयातीत छापलेले लेखन सर्वांना खुले होते, म्हणून नानांच्या वहीत साहित्यिकांच्या नावांपुढे जन्मसाल नाही, केवळ मृत्युसाल आहे. चिं. वि. जोशी १९६३ साली वारले; त्यामुळे २०२४ च्या पहिल्या दिवशी नानांनी आळीत पेढे वाटले आणि कोण पास झाले असे विचारणाऱ्यांना “चिमणराव” असे उत्तर दिले. ती वही त्यांनी मला दाखविली. अत्रे १९६९, म्हणजे १ जानेवारी २०३०. त्या ओळीवर त्यांचे बोट किंचित थांबले. पुढे पु. ल. देशपांडे २०००, म्हणजे २०६१. “हे काही आपल्या टेबलावर यायचे नाहीत,” असे म्हणून त्यांनी वही मिटली. नानांनी सत्तरी ओलांडली आहे.

वही दाखविली त्याच दिवशी नानांच्या पेटीतून एक जुना कागद निघाला, त्यांच्याच जमिनीच्या सातबाराची नक्कल. तळाशी दोन सह्या होत्या. ‘नक्कल करणार’ यापुढची नानांची, ‘रुजवात घेणार’ यापुढची त्यांच्या समोरच्या टेबलावरील सहकाऱ्याची. सत्तावीस वर्षे नाना मोठ्याने वाचीत आणि तो गृहस्थ मूळ दप्तरावर बोट ठेवून ऐके. क्षेत्राच्या आकड्यात ठिपका आला की तो बोट न उचलता विचारी, “नाना, दशांश की माशी?” कारण ती माशी दशांशचिन्ह म्हणून नकलेत उतरली तर शेताचा तुकडा एका भावाकडून दुसऱ्याकडे जाई आणि पुढची वीस वर्षे कोर्टात जात. दोघे उठून खिडकीशी जात, कागद उजेडाला धरीत, आणि मगच सही होई.

तो सहकारी दोन वर्षांपूर्वी वारला. मला रात्री अकराला फोन येऊ लागले ते त्यानंतर, हे मी त्या दिवशी हिशेब करून पाहिले. नानांना मी तसे काही बोललो नाही. चारशे पानांच्या पुस्तकातली आपण केवळ एकसष्टच हिरवी केली आहेत, हे मात्र आठवले.

मला दिसते कमी आणि कंटाळा आहे अधिक. तरी शहापूर, किन्हवली, सरळगाव किंवा मुरबाड या बाजूच्या ज्या कोणा वाचकाला राब आणि राव यांतला भेद कळत असेल, त्याने खाते उघडून रोज एक पान तरी पाहावे. तांबडे एकही उरलेले नाही. कोरी आणि ती एकसष्ट हिरवी सोडली तर बाकीची सगळी पाने पिवळी आहेत, आणि नानांना स्वतःला ती हिरवी करता येत नाहीत.