फुर्का घाट विकणाऱ्यास खुले पत्र

आराखडेकार महाशय,

तुम्ही आमच्या आईबाबांसाठी आखलेला स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाचा गुळगुळीत छापील आराखडा समोर ठेवूनच लिहितो आहे. दिवस तिसरा : फुर्का घाट. तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली.

फुर्का २,४२९ मीटर उंचीवर आहे, महाशय. तिथलं बर्फ आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघून वितळत नाही. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे घाट साधारण जूनमध्ये उघडतात आणि शरद सरता सरता पुन्हा बंद होतात. कुठला घाट चालू, कुठला बंद, हे तिथे जाहीर केलेलं असतं. तुम्ही पैसे मोजून घेतलेत, पण हे बघायची तसदी घेतली नाहीत.

रेआल्पच्या पुढे फाटक पडलेलं होतं आणि पलीकडे रस्ता बर्फाखाली गडप. बाबा गाडीतून उतरले. त्यांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात घाटरस्त्यांवर गेली. भर थंडीत फाटकाला हात टेकून, मान उंच करून ते वरची वळणं शोधत राहिले. एकही दिसेना. शेवटी गाडी रेल्वेच्या डब्यावर चढवली आणि १९८२ साली सुरू झालेल्या १५ किलोमीटरच्या बोगद्यातून ओबरवाल्डला उतरलो. दोन्ही काचांबाहेर मिट्ट काळोख. पैसे घाटाचे आणि दर्शन बोगद्याचं, ही फसवणूकच आहे.

त्या काळोखाच्या वर काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला? बेल्व्हेदेर हॉटेलचं जगप्रसिद्ध वळण आणि त्याच्या शेजारची ऱ्होन हिमनदी. एकोणिसाव्या शतकात ती खाली ग्लेच वस्तीपर्यंत यायची. आता ती इतकी आटली आहे की, उरलेलं बर्फ टिकावं म्हणून उन्हाळ्यात तिच्या काठावर पांढरी कापडं अंथरतात. बाबा पंचाहत्तरीचे. ‘पुढच्या वर्षी बघा’ हे तुमचं उत्तर त्यांनाही लागू नाही आणि त्या हिमनदीलाही नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉक्नरचंही तेच. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला, १९३५ साली खुला झालेला ४८ किलोमीटरचा, ३६ मोठ्या वळणांचा रस्ता. तो बघण्यासाठीच बाबा विमानात बसले होते. तो रात्री बंद ठेवतात. तुमच्या कागदावर आमची तिथे पोहोचायची वेळ रात्री साडेआठ!

इंटरलाकेन ते हालश्टाट एका दिवसात, ६०० किलोमीटरच्या पुढे, हे तर तुम्ही नकाशावर पट्टी ठेवूनच ठरवलं असणार. जेमतेम आठशे वस्तीच्या हालश्टाटने २०२३ साली पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध निदर्शनं केली. तिथे तुम्ही आम्हाला पाऊण तास दिलात, फक्त फोटोसाठी.

बंद घाटांचे पैसे परत करा. आणि मे महिन्याच्या प्रत्येक आराखड्यावर, पैसे घेण्याआधी, ठळक अक्षरात छापा : फुर्का बंद असेल. बाबांना मी सप्टेंबरमध्ये पुन्हा नेणार आहे. वाट मीच आखेन.

त्यांचा मुलगा