पदर दिसला पाहिजे

नाशिकमध्ये 'मी फॅशन फोटोग्राफर आहे' असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग मायेनं विचारतो, "बरं, पण लग्नाच्या ऑर्डरी घेता ना?"

खरं तर असं विचारणं या जिल्ह्याला शोभत नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात पडण्याआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामती काही मिळेना, तेव्हा त्यांनी अण्णा साळुंके या पुरुषालाच साडी नेसवून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. मॉडेल आली नाही म्हणून शूट रद्द करणाऱ्यांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक एकदा बघून यावं.

तर, मुंबईच्या एजन्सीवाल्यांना पोर्टफोलिओची लिंक लागते. इन्स्टाग्राम दाखवून भागत नाही, कारण तिथे मॉडेलच्या शेजारी मिसळ असते. म्हणून वेबसाइट करायची ठरली आणि घरात निवडणूक लागली.

आमच्या धंद्यातला नियम साधा आहे. पोर्टफोलिओत फोटो वीस, फार तर पंचवीस. बघणारा तुमची पायरी ठरवतो ती तुमच्या सर्वांत पडेल फोटोवरून. हे वडिलांना पटेना. "हजारो फोटो काढलेस आणि दाखवणार वीस? लोकांना वाटेल धंदा कालच सुरू केलाय." त्यांचा पिंड लग्नाच्या अल्बमवर पोसलेला. लग्नाच्या अल्बममधून एखादे काका गळले तर भाऊबंदकी होते. पोर्टफोलिओत काका राहिले तर काम जातं. मेनूमध्ये 'लग्न, मुंज, डोहाळजेवण' असा एक कप्पा असावा, असाही त्यांचा आग्रह होता. पण साइटवर जे मांडाल त्याचीच मागणी येते. गोट्याचा फोटो टाकला की मुंजीचाच फोन येणार. फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकलेले, नोकरी लिंटास या जाहिरात कंपनीत, पण त्यांच्या पुस्तकाचं नाव 'चेहरे'. त्यात बटूला जागा नव्हती.

मावसबहिणीचं प्रकरण याहून नाजूक. तिचा गोदाघाटावरचा फोटो घ्यायलाच हवा, असं मावशीचं म्हणणं. फोटो पहाटेचा आहे, उजेड लोण्यासारखा मऊ आहे, बहीणही छान हसली आहे. पण तिच्या उजव्या खांद्यामागे एक गृहस्थ ओलं धोतर झटकत उभे आहेत, आणि त्या धोतराच्या हालचालीला जी डौलदार लय आहे ती बहिणीच्या ओढणीला नाही. नजर आधी धोतराकडेच जाते. फोटो वगळला. मावशी अजून बोलत नाही.

येवल्याचे पैठणीवाले तर वेगळंच शास्त्र घेऊन येतात. चेहरा, भाव, प्रकाश यांचं त्यांना काही नाही. "पदर दिसला पाहिजे." पदरावरचे मोर मोजता आले की फोटो पास. त्यांचंही चूक नाही म्हणा. महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेला पदर कोणी घडीत दाबून टाकला तर जीव तुटणारच. त्यांच्यासाठी एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. वेबवर फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत चढवायचा. अॅडोब आरजीबीत ठेवला आणि समोरच्या ब्राउझरनं रंगांची नोंद वाचली नाही, तर मोरपंखी पैठणी दहा धुण्यांनंतरची दिसते. मग सकाळी सकाळी फोन, "आमच्या मालाचा रंग जात नाही, तुमच्याकडे कसा गेला?"

साइट बांधणारा मुलगा नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरचा. साइट उघडली की पडदा सरकावा आणि बासरी वाजावी, ही त्याची हौस. शिवाय फोटो 'ओरिजिनल क्वालिटी'त हवेत. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सहा हजार बाय चार हजार ठिपके. तो तसाच टाकला तर दादरला उघडायला घेतलेली साइट ठाण्याला उघडते, आणि लोकलमध्ये उभी असलेली स्टायलिस्ट तोवर दुसऱ्याच फोटोग्राफरच्या साइटवर गेलेली असते. लांब बाजू दोन हजार ठिपक्यांची आणि वजन काहीशे केबी, एवढ्यावर मोबाइल तृप्त होतो. बासरी मी काढून टाकली.

वेबवर सजूनधजून उभं राहणं हे थिल्लर काम आहे, असं मानणाऱ्या आमच्या शेजारच्या प्राध्यापकांसाठी एक माहिती. १९९२ साली वेबवर चढलेल्या अगदी पहिल्यावहिल्या फोटोंपैकी एक होता जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या चार गायिकांचा. नटूनथटून, पोज देऊन काढलेला. अणूंचे तुकडे करणाऱ्यांनाही आधी हेच सुचलं.

'माझ्याविषयी' या पानावर सगळेच 'लहानपणापासून कॅमेऱ्याची आवड' असं लिहितात. कामं देणाऱ्याला तुमच्या लहानपणाशी काय करायचंय? त्याला हवं असतं ते एका ओळीत मावतं: नाशिकला राहतो, स्वतःचे लाइट घेऊन मुंबईला येतो. बाकी निबंध मी खोडला. संपर्काचा लांबलचक फॉर्मही काढला, कारण तो कोणी भरत नाही; त्याजागी व्हॉट्सअॅपचं बटण आलं.

दर साइटवर दिलेले नाहीत, ते फोनवर ठरतात. मोकळेपणानं विचारा, घासाघीसही करा. फक्त "ओळखीतलेच आहोत, जरा बघून घ्या" असं कृपया म्हणू नका. नाशिकमध्ये सगळेच ओळखीतले आहेत.