अस्सल हवं, पण कमोडसकट

उत्तर व्हिएतनाममधल्या सापा या ठिकाणी जायचं ठरलं की पहिली अट ठरलेलीच: "टुरिस्टी काही नको हं, अगदी अस्सल हवं." मग अस्सलपणाचं वेळापत्रक तयार होतं. हनोईहून रात्रीची रेल्वे की थेट स्लीपर बस, यावर खल होतो. महिना सप्टेंबर, कारण तेव्हा डोंगरउतारावरची भातखाचरं पिवळी होतात. शेतकऱ्याची ती कापणीची घाई असते, पण फोटोत तो वाकलेलाच बरा दिसतो.

तिथल्या कात कात या 'काळे ह्मोंग' जमातीच्या गावात शिरायला तिकीट आहे. ह्मोंग पोशाख भाड्याने मिळतो. त्यामुळे गावात सगळ्यात नटलेली 'ह्मोंग' बाई बहुधा हनोईची निघते. खरी ह्मोंग बाई निळीने रंगलेल्या हातांनी पिशव्या विकत असते, तेही पर्यटकांकडून ऐकून शिकलेल्या फर्ड्या इंग्रजीत. तिच्याशी घासाघीस करणं हा आपला सांस्कृतिक संवाद.

मग सापाजवळचं फान्सिपान, हे ३,१४७ मीटरचं शिखर. पायी चढायचं तर दोन दिवसांचा बेत. २०१६ पासून केबल कार मिनिटांत वर नेते. तिथूनही शेवटच्या पायऱ्या जड जातील म्हणून वेगळी रेल्वे आहे! वर बहुतेकदा धुकं. ते मात्र फुकट.

राहिला मुक्काम. ता फिन गावातल्या 'लाल दाओ' जमातीच्या घरी, लाकडी पिंपातल्या औषधी पाण्याने अंघोळ. अटींच्या यादीत पुढे लिहिलंय: कमोड, वायफाय, आणि यजमानांना विचारून ठेवणे, डुक्कर नेमकं कुठे बांधतात.