दीड जीबीचा वेढा

पावसाळ्यात पन्हाळ्यावर बसून ऑफिसचं काम करणाऱ्यांसाठी ही कृती. साहित्य : रोज दीड जीबी देणारं रिचार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट, एक लॅपटॉप आणि संशयी स्वभाव. स्वभाव घरचाच असावा.

सकाळी नऊला लॅपटॉप उघडून दोन मेल पाठवा. बाहेर इतकं धुकं की अंगणातली तुळस दिसत नाही. तेवढ्यात मेसेज येतो : आजचा ५० टक्के डेटा संपला.

आता घरच्यांवर आळ घ्या. ही पायरी वगळता येत नाही. पोराला दरडावा, "रील बघत होतास न्हवं?" पोरगं दप्तर पाठीला लावून शाळेला निघालेलं असतं. मग आईकडं वळा. ती म्हणेल, "मी कशाला खातोय बाबा तुझा डेटा? सकाळपास्नं भाकरी थापतोय." मग शेजाऱ्याचा संशय धरून हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदला. दुपारपर्यंत पासवर्ड विसरा. तोवर डेटाही संपलेला असतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगात मेल उघडेपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कप विसळूनही होतो.

इथं इतिहासाचा आधार घ्यावा. १६६० साली सिद्दी जौहरनं चार महिने या पन्हाळगडाला वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेनं निसटले. जौहरच्या माणसांनी पालखी पकडली, ती महाराजांचा वेश घेतलेल्या शिवा काशीदांची. महाराजांशी कुणाची तुलना करायची माझी छाती नाही, मला गडावरच राहायचंय. तुलना जौहरशी आहे आणि तो जौहर म्हणजे आपण. गडाच्या 'तीन दरवाजा'वर पहारा ठेवून, पोराचा मोबाइल जप्त करून आपण खूश. डेटा राजदिंडीनं कधीच गेला.

खरी गोम अशी की लॅपटॉपला हॉटस्पॉट हे साधं वायफाय वाटतं आणि वायफाय म्हणजे त्याच्या लेखी फुकटची पंगत. मागं दीड जीबीचा शिधा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो बिनघोर अपडेट उतरवतो, फोटो वर चढवतो. काही लॅपटॉप तर उतरवलेल्या अपडेटचे तुकडे इंटरनेटवरून परक्या संगणकांनाही वाटतात. म्हणजे आपण इथं उपाशी आणि आपल्याच नावानं अन्नछत्र चालू!

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात डेटा युसेज उघडा. कुणी किती खाल्लं याची यादी मिळते. माझ्या यादीत सगळ्यात वर नाव होतं 'सिस्टम'. हे म्हणजे चोराला नाव विचारावं आणि त्यानं 'गावकरी' म्हणून सांगावं.

आता त्या वायफायच्या माहितीत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' ही खिट्टी लावा. बरीचशी गळती तिथंच थांबते. एखादं तातडीचं अपडेट तरीही घुसतं. ही खिट्टी त्या एकाच नेटवर्कपुरती असते. संशयापोटी हॉटस्पॉटचं नाव पुन्हा बदललंत, तर लॅपटॉपला ते नवं वायफाय वाटतं आणि पंगत पुन्हा बसते.

माझ्याकडं आता रात्री अकराला सातशे एमबी उरतात आणि बाराच्या ठोक्याला बुडतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी, आई आणि पोरगं रील बघत बसतो. पोराची माफी अजून मागितलेली नाही.