मरुमार्गमीमांसा

अथातो मरुमार्गजिज्ञासा. थरच्या वाळवंटातून आडवाटेने गाडी हाणण्याची ही इच्छा मराठी कुटुंबात दिवाळीचा फराळ संपत आला की उद्भवते. मे महिन्यात उद्भवल्यास ती घरातच दडपावी, कारण याच टापूतल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं. मोठी सुट्टी नेमकी मेमध्येच पडते, हा दोष शिक्षणखात्याचा, शास्त्राचा नव्हे.

आता पूर्वपक्ष. हमरस्तावादी पंथाचं प्रतिनिधित्व बहुधा मेहुणे करतात. ‘जोधपूरहून पोकरणमार्गे जैसलमेरपर्यंत लोण्यासारखा रस्ता असताना आडरानात शिरायचं कशाला?’ असा त्यांचा आक्षेप. खंडन सोपं आहे: त्या रस्त्यावर ट्रकांच्या पाठीवरचं वाङ्मय दिसतं, वाळवंट नाही. मात्र मेहुण्यांचं खंडन जेवणानंतर करावं. जेवणाआधी केल्यास बहीण मध्ये पडते व वाद तत्त्वाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखकाचा सिद्धांत असा की वाळवंटात प्रेक्षणीयता आणि पेट्रोलपंप यांचं प्रमाण व्यस्त असतं. जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवरचं सम घ्या. टेकड्या खऱ्या, वाळू खरी. पण तंबू, जीपगाड्या आणि रात्रीचा डीजे यांमुळे वाळूकडे पाहायला सवड कोणाला? उलट जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत रामगढ हा फेरा पाहा. तनोटमातेच्या देवळात 1965च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे काचेच्या कपाटात मांडलेले आहेत आणि देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. लोंगेवाल्याला डिसेंबर 1971मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर रणगाडे थोपवले. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वाऱ्याने डांबरावर वाळूची जीभ काढलेली असते. नकाशा तिथे ठामपणे रस्ता दाखवतो, वाळूला ते मान्य नसतं. अशा वेळी वेग आधीच कमी करावा, अचानक ब्रेक मारू नये आणि चाक डांबराखाली उतरवू नये.

सिद्धांताला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. बाडमेरकडच्या राष्ट्रीय महामार्ग 925-अ वर तीन किलोमीटरचा पट्टा विमानं उतरवण्याजोगा बांधला आहे. 2021च्या सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी आणि राजनाथसिंह स्वतः विमानाने तिथे उतरले. इथे हमरस्ताच प्रेक्षणीय झाला, त्यामुळे मेहुण्यांना हे कळू देऊ नये.

शास्त्राची खरी कसोटी मागच्या सीटवर लागते. तिथे आत्या असते. खिडकीबाहेर खेजडीची झाडं, मेंढ्यांचा एक कळप, मग पुन्हा खेजडी. ‘अरे, इथे बघायचंय तरी काय?’ या प्रश्नाला माळढोकासाठी राखलेलं सुदासरी हे उत्तर द्यावं. सोलापूरच्या नान्नजला जाऊन माळढोक न पाहता परतण्याची मराठी पक्षिप्रेमींची परंपरा जुनी. राजस्थानचा राज्यपक्षी म्हणून मिरवणाऱ्या त्याच पक्ष्याची इथे निदान आशा तरी धरता येते. बाडमेर रस्त्यावर आकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. त्यावर आत्या ‘म्हणजे लाकूडच ना?’ म्हणाली, तर वाद घालू नये. मुद्दा बिनतोड आहे.

आहाराविषयी मतभेद नाहीत. वाटेत ढाब्यावर कैर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मिळाली तर उत्तमच, पण भरवसा फक्त दशम्यांवर ठेवावा. सुकी लसणाची चटणी गाडीच्या काचा बंद असतानाच उघडावी. काच बोटभर जरी खाली असली, तरी दुसऱ्या घासाला दाताखाली कचकन आवाज येतो आणि तो तिळाचा नसतो.

रात्रीच्या प्रवासाचं प्रकरण एका वाक्यात संपतं: उंटाला मागचा लाल दिवा नसतो. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा.

तेव्हा वाचकहो, सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर घ्या, तनोटच्या पुढे सीमेकडे जायचं असेल तर परवान्याची चौकशी आधी करा आणि काटा अर्ध्याच्या वर दिसत असला तरी रामगढला टाकी भरा. ‘पुढे मिळेल की’ असं मेहुणे म्हणतील. त्यांचं ऐकू नका.